शाईचं बोट

मंगळवार, ९ एप्रिल २०२४. सकाळी ७.१० – शू, सतरंजीवर. ७.५० – शू, गुढीच्या पाटाला लागून. ८.३५ – शू, माझ्या मांडीवर, नव्या साडीसकट. ९.२० – शी, दाराआड. सांगितलं नाही.

पाडव्याच्या दिवसाची माझ्या वहीतली ही नोंद. थोरली पोटात होती तेव्हापासून मी वही लिहिते; दोनशे पानी, आता तिसरी चालू आहे. पहिला दात कधी आला, कोणती लस कधी टोचली, 'पोपट'ला 'तोतत' कधीपर्यंत म्हणत होती, असलंच काहीबाही. रात्री दोघं झोपली की स्वयंपाकाच्या ओट्यावर वही ठेवायची आणि उभ्या-उभ्याच चार ओळी ओढायच्या. त्या उन्हाळ्यात मात्र वहीची पार रोजकीर्द झाली. हे आडतीवर मुनीम आहेत. एकदा पानं चाळून म्हणाले, "आवक-जावक बरी ठेवलीस. फक्त शिल्लक दिसत नाही कुठं."

धाकटा तेव्हा पावणेतीन वर्षांचा होता. जूनमध्ये त्याला नर्सरीत घालायचं ठरलं होतं, आणि फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं : पाल्यास शी-शू सांगता येणे आवश्यक. पाल्य तर दिवसाला चार डायपर संपवत होता. एक साधारण बारा रुपयांना, म्हणजे रोजचे अठ्ठेचाळीस, महिन्याचे चौदाशे चाळीस. वर घंटागाडीवरच्या ताईंची बोलणी. डायपर वेगळ्या पिशवीत बांधून द्यायचे, ओल्या कचऱ्यात मिसळायचे नाहीत. मी बांधूनच देत असे, पण त्या पिशवीचं वजन हातानंच जोखून त्या दर दोन-तीन दिवसांनी विचारायच्या, "अजून सांगंना का लेकरू?"

सांगत नव्हतं. आणि का सांगावं? डायपरमधली ती जेल सगळं गिळून टाकते, अंगाला ओल म्हणून लागत नाही. आपण काय केलं हे त्या लेकराला कळायचं कसं?

डायपर काढून टाकायला एप्रिल महिना चांगला, उन्हाळ्यात लेकराला गारठा लागत नाही, कपडे लगेच वाळतात, असं सगळेच सांगतात. खरंही आहे ते. पण हे सांगणारे लातूरला राहत नसावेत.

आमचं घर औसा रोडच्या आतल्या बाजूला. २०२३ चा पावसाळा मराठवाड्यात कोरडाच गेला होता. माझं माहेर रेणापूर तालुक्यातलं. तो तालुका तर सरकारनं ऑक्टोबर संपतानाच दुष्काळी यादीत घातला. धनेगावच्या मांजरा धरणात पाणी कमी, म्हणून आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी यायचा. तोही रात्री, कधी दोनला, कधी साडेतीनला. घरातला बोअर फेब्रुवारीतच नुसती हवा टाकायला लागला होता. गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि न्हाणीत दोनशे-दोनशेचे दोन बॅरल, एवढीच आमची साठवण. चौदाशे लिटर भागिले आठ दिवस, एकशे पंच्याहत्तर. भागिले पाच माणसं, पस्तीस. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर लागतं असं सरकारी मापात धरतात. ते माप कुणी कुठं बसून ठरवलं असेल, असं मला बॅरलमध्ये वाकून मग बुडवताना फार वाटायचं. पिण्याचा जार वेगळा, तो हे मोटारसायकलवर पुढ्यात धरून आणायचे.

तरी मला तक्रार करायला तोंड नाही. माझं लग्न २०१६ च्या मे महिन्यातलं. तेव्हा लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची यायला लागली. त्याच्या आदल्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी करू नये म्हणून १४४ कलम लावलेलं. माझे वडील मांडवात पाहुण्यांना सांगत होते, "पोरगी दिली तिथं पाणी रेल्वेनं येतंय." ते कौतुकानं सांगत होते की काळजीनं, मला अजून कळलेलं नाही.

थोरलीच्या वेळी हे काहीच करावं लागलं नव्हतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आम्ही दोघी माहेरी अडकलो. ती सव्वादोन वर्षांची. तिथं मोठं मातीचं अंगण, घरामागं मोकळं रान. आई तिला सकाळी उघडीच सोडायची. केली तर केली, मातीनं प्यायली. पंधरा-वीस दिवसांत पोरगी आपणहून अंगणाच्या कडेला जाऊन बसायला लागली. त्या वेळच्या वहीत या विषयावर एकच ओळ आहे : 'आजपासून सांगते.' पोरं अशीच शिकतात, असा माझा समज तेव्हाच पक्का झाला. फरशी पुसावी लागली नाही म्हणून आपल्याला ते सोपं गेलं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

तर पाडव्याला सुरुवात केली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, चांगल्या कामाला मुहूर्त बघावा लागत नाही या दिवशी. मी फोनवर बघून तीन दिवसांची पद्धत ठरवली होती. डायपर एकदम बंद. दर अर्ध्या तासाला लेकराला नेऊन बसवायचं. घराबाहेर पडायचं नाही. चौथ्या दिवशी लेकरू तयार. गंजगोलाईतून बदकाच्या आकाराचं पॉटीचं भांडं आणलं होतं. गोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यातल्या निम्म्या रस्त्यांवर मी त्या बदकासाठी हिंडले होते.

बदकाची त्याने गाडी केली. मग बदकाला भात भरवला. मग थोरलीनं तक्रार आणली की तो बदकाला तिच्या कंपासपेटीतला खोडरबर खाऊ घालतोय. बसायचं म्हटलं की अंग ताठ करायचा, आणि बदकावरून उठून दोन पावलं गेला की तिथंच. मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावला होता. दुसऱ्या दिवशी तो वाजला की लेकरू पलंगाखाली पळायला लागलं.

आत्याबाई बघत होत्या. त्या सहसा मध्ये पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी सुपात तूर निवडत बसल्या होत्या, गजर वाजला तशा म्हणाल्या, "अगं, लेकरू हाय का घड्याळ हाय ते?"

"आत्याबाई, अर्ध्या तासाला बसवायला सांगितलंय."

"कोण सांगितलंय?"

फोन, असं उत्तर द्यायची मला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या शिकवणीची पोरं आली. चौथीची सहा-सात मुलं हॉलमध्ये बसतात. मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते आणि हा आतून उघडाच आला, बदक डोक्यावर उलटं घातलेलं, आणि पोरांच्या मधोमध उभा राहून, सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत, मोकळा झाला. एका पोराची गणिताची वही गेली. पोरं आठवडाभर हसत होती. वही मी नवी घेऊन दिली आणि त्या रात्री लिहिलं : 'तीन दिवस संपले. चड्ड्या २३. सांगितलं ०.'

तेवीस चड्ड्या म्हणजे नुसत्या चड्ड्या नव्हेत. एका चड्डीला अर्धी बादली लागते. सतरंजीला दोन. फरशी पुसायला अर्धी, आणि तीही फिनेल टाकून, म्हणजे ते पाणी पुढं कशाला कामाला येत नाही. एरवी आमच्या घरात पाणी तीनदा कामाला येतं. तांदळाचं धुवण तुळशीला, कपडे पिळलेलं पाणी फरशीला, भांडी खळखळल्यावरचं संडासात. या उतरंडीत लेकराच्या शूचं पाणी कुठंच बसेना. बॅरलवर मी खडूनं रेघा मारल्या होत्या, रोज एवढंच खाली जायचं अशा. तिसऱ्या दिवशी आम्ही पाचव्या दिवसाच्या रेघेवर होतो.

आता २० एप्रिल. शनिवार. नळ येऊन सातवा दिवस. ही नोंद मी त्या दिवशी केली नाही, चार दिवसांनी केली, आणि तिथं अक्षर वेगळं दिसतं.

माझ्या आईनं बाळंतपणात शिवून दिलेली एक वाकळ आहे, तिच्याच जुन्या लुगड्यांची. सहा पदरी. ओली झाली की एकट्या बाईला उचलत नाही. आदल्या दिवशी मी ती धुतली होती. चार बादल्या. मला माहीत होतं की परवडणार नाही, तरी धुतली, कारण वास सहन होईना. गच्चीवर दिवसभर वाळवून रात्री अंथरली. शनिवारी दुपारी तो तिच्यावर झोपला, उठला, उभा राहिला, माझ्याकडे बघून हसला आणि केली.

मी त्याचा दंड धरला आणि मांडीवर फटका दिला. चांगला जोरात. पाच बोटं उमटली. आणि ओरडले, "पाणी काय तुझा बाप आणतो का?"

थोरली दारात उभी होती. ती अगदी सरळ म्हणाली, "हाव, पप्पाच आणतेत की. जार."

एरवी मी हसले असते.

तो रडला नाही, हे मला जास्त लागलं. खाली मान घालून ओल्या वाकळेकडे बघत उभा राहिला. मग स्वतःच चड्डी काढायला लागला, एक पाय अडकला, पडला, आणि तसाच अर्धी चड्डी ओढत दाराआड जाऊन बसला. आत्याबाई उठल्या. माझ्याकडे न बघता वाकळ गोळा केली, उन्हात नेऊन नुसतीच पसरली, न धुता. म्हणाल्या, "ऊनच धुतंय तिला. वास ऱ्हाईल जरा. वासानं माणूस मरत नाही."

त्यानंतर चार दिवस त्यानं शी केली नाही. शूसुद्धा धरून ठेवायचा. दाराआड पाय एकमेकांत अडकवून उभा, तोंड लाल, कपाळाला घाम. मी जवळ गेले की 'नाही आली, नाही आली' म्हणायचा. मला आधी वाटलं, शिकला! ओलं होत नाही म्हणजे शिकलाच की. दुसऱ्या दिवशी पोट हाताला लागायला लागलं. चौथ्या दिवशी रात्रभर कळवळत होता.

लेकरांच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दूध किती पितो?"

पित होता लिटरभर. जेवत नाही म्हणून मीच देत होते. डॉक्टर म्हणाले, एवढं दूध पोटात गेल्यावर हा जेवणार कधी, आणि शी घट्ट होणार नाही तर काय. घट्ट झाली की दुखते, दुखलं की लेकरू धरून ठेवतं, धरून ठेवली की अजून घट्ट होते. दूध दोन कपांवर आणा. पाणी वरचेवर पाजा, पपई द्या, भिजवलेल्या मनुका द्या, वरणात भाकरी कुस्करून द्या. शी मऊ व्हायला एक औषध लिहून दिलं. मग दुसरा प्रश्न, अगदी हळू आवाजात : "घरात कुणी रागावलंय का याला?"

भिंतीवर कालनिर्णय होतं. मी तारखा वाचत बसले.

ते पुढं जे बोलले ते मी तिथंच वहीत उतरवून घेतलं. दोन आठवडे हा विषय बंद. डायपर पुन्हा घाला, कमीपणा वाटून घेऊ नका. अठरा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कधीही लेकरू तयार होतं, एखादं त्याच्याही पुढं जातं. ते तयार आहे का हे तुमच्या गजरावरून ठरत नाही. दोन तास कोरडं राहतं का, चड्डी आपली आपण खालीवर करता येते का, शी आली की कोपरा शोधतं का, ते बघा. आणि रात्रीचं तर मनातच आणू नका. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं झालं तर त्याला आजार म्हणत नाहीत.

कोपरा तर तो पाडव्यापासून शोधत होता. दाराआड. पहिल्याच दिवशी मी माझ्या हातानं लिहून ठेवलं होतं, 'शी, दाराआड', आणि ते लाल शेरा मारावा तसं लिहिलं होतं.

दोन आठवडे कसले, बारा-तेरा दिवसच झाले. या दिवसांत मी त्याला काही म्हणाले नाही, फक्त डायपर बदलताना वेळ आणि वजन लिहीत गेले. हलका, मध्यम, जड. आठव्या दिवशी पान समोर धरलं तेव्हा कुणालाही दिसावं असं ते दिसलं. उठल्या-उठल्या एक. मग पावणेदोन ते दोन तास काहीच नाही. पाणी प्यायल्यावर साधारण चाळीस मिनिटांनी. शी सकाळी खाल्ल्यानंतर वीस मिनिटांत, जवळजवळ रोज. त्याचं घड्याळ होतंच, आत्याबाई. फक्त माझ्या मोबाइलमधलं नव्हतं.

या बारा-तेरा दिवसांत आत्याबाईंनी मागच्या परसात दोन विटा मांडल्या. मला विचारलं नाही. पायखुंट्यांसारख्या, मधे वीतभर जागा, खाली राख. राख माझ्या माहेरच्या चुलीतली, भांडी घासायला पोतंभर आणून ठेवलेली होती. आमचा संडास भारतीय पद्धतीचा, पण त्याचं भोक बघून हा घाबरायचा, त्यात आपण जाऊ असं त्याला वाटायचं. बदकावर पाय लोंबकळायचे. विटांवर मात्र तळपाय पक्के टेकले. आत्याबाई त्याच्यामागं पिढं घेऊन बसायच्या, दोन्ही काखांत हात घालून, आणि तोंडानं 'स्सस्स' करायच्या. हाच आवाज त्या याच्या तान्हेपणी करायच्या, मालिश झाल्यावर पाय लांब सोडून दोन्ही पावलांच्या खाचेत त्याला बसवून. मग मीच डायपर सुरू केले. रात्रीची झोप मिळावी म्हणून केले आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण तो 'स्सस्स' त्याला अजून ओळखीचा होता, हे मी डोळ्यांनी बघितलं.

वर पुन्हा राख टाकायची, पत्र्याच्या सुपलीनं उचलून संडासात टाकायचं, वरून तांब्याभर पाणी. एक तांब्या! मी बादल्यांचा हिशोब करत बसले होते.

मग ७ मे. लोकसभेचं मतदान. ऊन चढायच्या आत जावं म्हणून सकाळीच निघालो, तरी शाळेच्या व्हरांड्यापासून फाटकापर्यंत बायकांची रांग. हे पुरुषांच्या रांगेत, आत्याबाई ज्येष्ठांच्या, थोरली त्यांच्याबरोबर. धाकटा माझ्या कडेवर, डायपर न घालता. घाईत राहिला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे पान बघून ठेवलं होतं. सव्वासातला केली होती, नऊपर्यंत हरकत नव्हती.

आठ-चाळीसला माझ्यापुढं पाच बायका होत्या. त्यानं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मम्मी. शू."

मी म्हणाले, "झाली?"

"नाही. येनार."

येणार. अडीच महिने... नाही, महिनाच झाला होता पाडव्याला, मला अडीच वाटत होता. पहिल्यांदाच तो आधी सांगत होता. मी रांगेकडे बघितलं. मागची एक म्हातारी, नऊवारीतली, ओळख ना पाळख, म्हणाली, "जा की माय पळत! नंबर कुठं पळून जातोय का? आम्ही धरताव." पुढच्या पाचही जणी वळून बघायला लागल्या. मी त्याला घेऊन शाळेमागं लिंबाच्या झाडाकडे पळाले. तिथं केली. चड्डी हातानं चाचपून बघितली, कोरडी! परत आले तर म्हातारीनं खरंच जागा धरली होती, आणि विचारलं, "झाली का बाळाची?" आख्ख्या रांगेला ठाऊक. मी मान डोलावली तर दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. निवडणुकीत टाळ्या मिळालेला आमच्या घरातला तो एकटाच.

आत माझ्या डाव्या तर्जनीला शाई लावली तेव्हा त्यानंही बोट पुढं केलं. टेबलामागचे साहेब हसले, म्हणाले, "अठरा वर्षं थांब बेटा." हा काय थांबणार? घरी येईपर्यंत रडला. थोरली त्याला समजावत होती की ती शाई म्हैसूरला बनते, आपल्या घरी नसते, बाईंनी सांगितलंय. शेवटी तिनंच आपला जांभळा स्केचपेन काढला आणि त्याच्या तर्जनीवर नखापासून कातडीपर्यंत एक रेघ ओढली, अगदी खऱ्यासारखी. रडणं बंद.

ती रेघ बघून मला सुचलं. आधी सांगितलं तर शाई. झाल्यावर सांगितलं तर नाही, पण बोलायचंही नाही. चॉकलेट देऊन बघ म्हणून माझी बहीण कधीची सांगत होती. पण चॉकलेट खाऊन संपतं, आणि थोरलीलाही द्यावं लागतं. शाई बोटावर राहते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता येते. पहिल्या दिवशी तीन बोटं. दुसऱ्या दिवशी पाच. संध्याकाळी हे आडतीवरून आले की दारातच दोन्ही पंजे पसरून उभा. हे एक-एक बोट धरून मोजायचे, अगदी मुनिमासारखं, आणि म्हणायचे, "वाढ आहे."

लबाडीही शिकला. शाईसाठी विटांवर जाऊन नुसताच बसायचा, 'स्सस्स' स्वतःच करायचा, काही यायचं नाही, आणि बोट पुढं. एकदा सकाळी दहाच्या आत नऊ बोटं भरली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग आत्याबाई पंच झाल्या. त्यांनी 'आली' म्हटलं तरच शाई. पण पंचालाही फी पडली. त्याचं म्हणणं, आजी जाऊन आली की आजीलाही शाई लावायची. आत्याबाईंनी दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी बोट दिलं. एकादशीच्या भजनाला त्या चार जांभळी नखं घेऊन गेल्या. कुणी विचारलं तर म्हणाल्या, "घरात मतदान चालूय."

मेअखेरपर्यंत दिवसाच्या चड्ड्या रोज एक-दोनवर आल्या. एक-दोन राहिल्याच. खेळात गुंग असला, पाहुणे आले, थोरली शेजारी खेळायला गेली आणि याला नेलं नाही, की हमखास. त्यातल्या एका चड्डीला मी पुन्हा आवाज चढवला. फटका नाही दिला, पण आवाज चढला, आणि तो दाराआड जाऊन उभा राहिला. तो दिवस नळाचा सातवा की आठवा होता हे मी मुद्दाम मागं जाऊन बघितलं. आठवा. माझी वही लेकराची म्हणून सुरू झाली होती, पण माझा पारा कोणत्या दिवशी चढतो हेही तिच्यात आपोआप लिहिलं गेलंय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, टाकी भरलेली असताना, मी अगदी प्रेमळ आई असते.

रात्रीचं अजून चालूच आहे. रबरी कापड अंथरते, त्यावर जुन्या सुती साडीची घडी, म्हणजे वाकळ वाचते आणि धुवायला घडीच निघते. झोपताना पाणी थोडंच. अकराला उचलून नेते. झोपेतच करतो, डोकं माझ्या खांद्यावर टाकून. पाऊस सुरू झाला तरी नळ लगेच काही रोजचा होत नाही, धरणात पाणी यायला सप्टेंबर उजाडतो. म्हणून नळाच्या रात्री हे पाइप धरतात आणि मी हे गठुडं. दोघंही अर्धवट झोपेत.

१५ जूनला शाळा. नवा गणवेश, पाठीवर ससा असलेली बॅग, बॅगेत जादाच्या दोन चड्ड्या. बाईंना मी विटांचं, स्सस्सचं, शाईचं, चाळीस मिनिटांचं सगळं सांगितलं. बाईंच्या समोर अठ्ठावीस लेकरं रडत होती. त्या म्हणाल्या, "हो हो, सांगतो ना तो? बास."

बारा वाजता आणायला गेले. हसत आला. दोन्ही पंजे वर, एकाही बोटाला शाई नाही. शाळेत स्केचपेन कोण लावणार? मी तिथंच खाली वाकून हळूच चाचपलं. कोरडी. घरी येऊन पँट काढली तर आत हिरवी चड्डी, तिच्यावर पिवळे ट्रॅक्टर. आमची नाही. बॅगेतल्या आमच्या दोन्ही चड्ड्या घडी केलेल्या जशाच्या तशा, आणि सकाळी घातलेली पांढरी गायब.

"ही कुणाची रे?"

"माजी."

"तुझी पांढरी होती. ती कुठंय?"

विचार केला त्यानं. "त्याला दिली."

"कुणाला?"

"तो रडला."

यापलीकडे त्यानं आजतागायत काही सांगितलेलं नाही. चड्डी धुतली, अर्धी बादली. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा नेली. बाईंनी फाटकाशी उभं राहून उंच धरून विचारलं, एकाही आईनं ओळख दिली नाही. आठवडाभर नेत होते. मग ती आमच्याच कपाटात राहिली, आणि शाळेत जाताना तो तीच मागतो.